पान चौदा

मी चिडका माणूस आहे. कुणी "मला चांगलं आठवतंय" असं म्हणालं की माझं डोकं फिरतं. आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीत पाण्याची लाइन कुठून गेलीय यावर चार जण चार आठवणी सांगायला लागतात, तेव्हा मी उभा राहून नकाशा मागतो. बायको म्हणते, आपल्या लग्नाचा दाखला मी जपून ठेवलाय तेच बरं, नाहीतर उद्या मलाही पुरावा मागाल.

निवृत्तीनंतर या स्वभावाला हक्काची जागा मिळाली. जुन्या कॉम्प्युटरांची माहिती गोळा करणारी एक विकी आहे, म्हणजे कुणीही लिहावं आणि कुणीही सुधारावं अशी वेबसाइट. तिच्या मराठी विभागात आम्ही पाच तपासनीस. नियम माझेच. कंपनीचं मॅन्युअल सर्वांत वर, त्याखाली तारीख असलेलं छापील पत्रक, त्याखाली बोर्डाचा स्वच्छ फोटो. प्रत्येक विधानाला संदर्भ हवा, आणि संदर्भाला पानाचा नंबर. आठवणींना जागा नाही. "आमच्या शाळेत हा होता, त्यात अमुक चिप होती" असं कुणी लिहिलं की मी ते मिनिटभरात उडवायचो आणि खाली ठरलेलं वाक्य चिकटवायचो: आठवण हा संदर्भ नाही, कागद दाखवा. बाकीचे तपासनीस माझ्यामागे मला "कागददाखवा" म्हणतात हे मला ठाऊक होतं. खरं सांगायचं तर आवडतही होतं.

त्या विकीवरचं एक पान माझ्या जिवाभावाचं. महाप्याच्या औद्योगिक वसाहतीत आमची कंपनी शाळांसाठी छोटा कॉम्प्युटर बनवायची आणि मी तिथे टेस्टिंगला होतो. कंपनी कधीच बंद पडली. शेड पाडून तिथे काचांची इमारत उभी राहिली, तिच्यात हजारेक पोरं लॅपटॉप घेऊन बसतात, आणि त्यातल्या एकालाही त्या जागी कॉम्प्युटर जन्माला यायचे हे माहीत नसेल. म्हणून मी त्या मशीनचं पान लिहिलं. चांगले तीसेक संदर्भ दिले. त्यातला एक खोटा होता.

खोटा म्हणजे कसा, ते नीट सांगतो. मशीनला वीज देणाऱ्या चार तारा असायच्या: एक पिवळी, दोन काळ्या, एक लाल. पिवळीतून बारा व्होल्ट, लालमधून पाच. बोर्डाच्या कडेला त्यांच्यासाठी एका रांगेत चार भोकं होती आणि भोकांपाशी काहीच छापलेलं नव्हतं. कुठल्या भोकात कुठली तार, हे कळलं नाही तर मशीन चालू करता येत नाही, आणि चुकलं तर पाचाच्या जागी बारा व्होल्ट जाऊन सगळ्या चिपा एका क्षणात भाजून निघतात. ही माहिती पानावर हवीच होती.

माझ्याजवळ मॅन्युअलच्या पहिल्या आठ पानांची झेरॉक्स आहे. तिच्यातल्या अनुक्रमणिकेत स्पष्ट छापलंय: वीजजोडणी, पान चौदा. ते पान चौदा मी जन्मात पाहिलेलं नाही. पण तारांचा क्रम मला पाठ होता, कारण सोल्डरिंगच्या, म्हणजे तारांना डाग देऊन त्या जोडायच्या, लाइनवरच्या बायका तो दिवसभर एकमेकींना सांगायच्या: हळद आधी, मग कुंकू. डावीकडून पहिली पिवळी, मग दोन काळ्या, शेवटी लाल. सवाष्णीला आधी हळद लावतात आणि मग कुंकू, हे कुणा बाईला शिकवावं लागत नाही. नवीन आलेली मुलगीसुद्धा तारा चुकत नसे. मी तोच क्रम पानावर लिहिला आणि संदर्भाच्या चौकटीत टाकलं: मॅन्युअल, पान चौदा. तिथे तेच असणार, दुसरं काय असणार?

तीन वर्षं कुणी काही विचारलं नाही. मग सीवूड्सहून, करावे गावाच्या अलीकडून, एका गृहस्थांचा मेसेज आला. मूळचे श्रीवर्धनकडचे, मुसलमान घर, होड्यांच्या इंजिनांच्या सुट्या भागांचा व्यापार. त्यांचे वडील गावच्या शाळेत हेडमास्तर होते. शाळेनं आमचं मशीन भंगारात काढलं तेव्हा ते त्यांनी उचलून घरी आणलं, पण त्याआधीच कुणीतरी विजेचा डबा तारांसकट कापून नेला होता. मशीन तसंच पोत्यात पडून राहिलं. आमच्या माहितीत शिल्लक असलेलं ते एकुलतं एक. आता या गृहस्थांनी, त्यांच्या मुलानं, दीड वर्ष खपून त्याला नवा वीजपुरवठा तयार केला होता. अब्बांची एका डोळ्याची नजर गेलीय, दुसऱ्यानं अजून थोडं दिसतंय, तेवढ्यात त्यांना पडदा पेटलेला दाखवायचा होता. "रविवारी चार वाजता चालू करतोय. तारा तुमच्या पानाप्रमाणेच लावल्यात, सर. नक्की या."

शनिवारी सकाळी तो मेसेज वाचून मी हरखलो. चहाचा कप घेऊन आपलंच पान कौतुकानं उघडून बसलो, आणि उगाच त्याचा इतिहास चाळला. कुणी काय लिहिलं आणि कुणी काय पुसलं ते सगळं तिथे राहतं. दोन महिन्यांपूर्वी मी दोन सूचना पुसल्या होत्या. दोन्ही निनावी. पहिली होती: "तारा उलट्या लिवल्या हायत. आमी लावल्यात." दुसरी आठवड्यानंतरची: "पुन्ना सांगते, उलट्या हायत. बोर्ड जळंल." दोन्हींच्या खाली माझं ठरलेलं वाक्य होतं.

पुसताना मी त्या वाचल्यासुद्धा नव्हत्या. संदर्भ नाही एवढं पाहिलं होतं. आता ते "हायत" माझ्याकडे बघत होतं. आमच्या लाइनवर तळवली, घणसोलीच्या गावठाणातल्या बायका होत्या आणि त्या अशाच बोलायच्या. "आमी लावल्यात" असं दुसरं कोण लिहिणार?

दिवसभर मी पूर्ण मॅन्युअल शोधत राहिलो. माळा काढला, जुन्या दोन सहकाऱ्यांना फोन केले, विकीवरच्या लोकांना विचारलं. कुणाकडे नव्हतं. मला कागद का हवा होता, ते आज प्रामाणिकपणे सांगतो. पान चौदा हाती लागलं असतं आणि क्रम वेगळा निघाला असता, तर "टायपिंगची चूक" म्हणून गुपचूप दुरुस्ती करता आली असती. कुणाला काही कळलं नसतं.

बायको म्हणाली, "अहो, त्यांना फोन करून सांगा ना, जरा थांबा म्हणून."

"कशाच्या आधारावर?" मी तिच्यावर खेकसलो. "निनावी कुणीतरी काहीतरी खरडलंय म्हणून?"

"मग तुमचं जे आहे ते कशाच्या आधारावर आहे?"

मी पुन्हा माळ्यावर चढलो. जेवलोही नाही नीट.

रविवारी दुपारी दीडला स्कूटर काढली आणि तळवलीला गेलो. लाइनवर पहिल्या खुर्चीत बसणारी बाई तळवलीची होती, सगळ्या तिला ताई म्हणायच्या, आम्हीही म्हणायचो. देवळापाशी विचारलं तर घर लगेच सापडलं. जिथे पूर्वी भाताची शेतं होती तिथे आता तिची तीन मजली इमारत, खाली भाडेकरू. ताई ओट्यावर सुकट निवडत बसली होती. केस पूर्ण पांढरे झालेले, पण बसण्याची ढब तीच, पाठ सरळ आणि मान खाली.

मला बघून ती जराही दचकली नाही. "या सायेब. कागद आनला का?"

म्हणजे तीच. मी ओट्याच्या कडेवर तिच्या शेजारी टेकलो.

"नातीकडनं लिवून घेतलं," ती म्हणाली. "तिनं दाखवलं, आजी बग तुमच्या कंपनीचं. बगितलं तं तारा उलट्या. दोन येला लिवलं, दोनी येला तुमी पुसलं. कागद दाखवा म्हने. आमाला कोनी कागद दिल्ता? आमी तं हातानं लावायचो."

"ताई, हळद आधी, मग कुंकू. तुम्हीच म्हणायच्या."

"आमीच म्हनायचो."

"डावीकडून."

"डावीकडनंच."

"मग मी तेच लिहिलंय!" माझा आवाज चढला. राग कुणावर होता कोण जाणे.

तिनं सुकटीचं सूप बाजूला सारलं. "तुमी बोर्ड कसा बगायचे?"

"टेस्टिंगला? डब्यात बसवलेला. सरळ, चिपा वर."

"आन आमी?"

तिनं डावा हात माझ्यासमोर धरला, तळवा वर. अंगठ्याशेजारच्या बोटाला हात लावून म्हणाली, "ही हळद." मग मधली दोन, "ही काळी, ही काळी." करंगळी धरली, "हे कुंकू." आणि हात पालथा केला. अंगठ्याशेजारचं बोट माझ्या डोळ्यांसमोर डावीकडून उजवीकडे गेलं.

"आमच्यापुडं बोर्ड पालथा असायचा, सायेब. तारा खालनं लागायच्या. तुमी कदी वाकून बगितलंत?"

नव्हतं बघितलं. इतकी वर्षं हजारो बोर्ड माझ्या हाताखालून गेले, पण खालची बाजू म्हणजे लाइनचं काम, ते बायकांचं, त्यात आम्ही टेस्टिंगवाल्यांनी काय बघायचं, अशी आमची मिजास. त्यांचं वाक्य मी ऐकलं होतं आणि त्या काय बघत ते म्हणतायत हे कधी विचारलं नव्हतं. वरून पाहिलं तर डावीकडे कुंकू होतं, म्हणजे पाच व्होल्टचं भोक. माझ्या पानाप्रमाणे त्याच भोकात बारा व्होल्ट जाणार होते.

"कुनाचं जळलं का?" ताईनं विचारलं.

"अजून नाही. आज चारला चालू करतायत."

"मंग हितं काय बसलाय?"

पावणेतीन झाले होते. मी तिथूनच फोन लावला. पलीकडे घरात गडबड ऐकू येत होती. "या सर, या! काय टेन्शन घेऊ नका, सगळं तुमच्या पानाप्रमाणे टकाटक लावलंय."

"मी येईपर्यंत बटण दाबू नका," मी म्हणालो.

"का हो? काय झालं?"

एवढंच बोलायचं होतं की तारा उलट्या आहेत. त्यावर ते विचारणार होते, कशावरून? पानावर तर मॅन्युअलचा नंबर आहे. "काही नाही, मला बघायचंय," मी म्हणालो.

ते हसले. "मग लवकर या. अब्बा दोन वाजल्यापासून तयार होऊन बसलेत. हेडमास्तर आहेत ते, चारची घंटा म्हणजे चारची घंटा. माझं काही चालत नाही त्यांच्यापुढे."

ताई माझ्याकडे बघत होती. "सांगितलं नाय तुमी," ती म्हणाली आणि पुन्हा सूप पुढे ओढलं.

ठाणे-बेलापूर रस्त्यावर रविवार असूनही ट्रक तुंबले होते. वाशीच्या सिग्नलला अडकलो तेव्हा मी फोन काढला, पान उघडलं आणि दोन शब्दांची अदलाबदल केली. पिवळीच्या जागी लाल, लालच्या जागी पिवळी. संदर्भ तोच ठेवला: मॅन्युअल, पान चौदा. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवून शिवी घातली तोपर्यंत काम झालं होतं. क्षणभर हलकं वाटलं. मग पाम बीच रस्त्याला लागल्यावर ध्यानात आलं की त्यांच्या तारा तर लावून झाल्यात. आता पान कोण उघडून बघणार होतं? आणि जे न पाहता एकदा खोटं लिहिलं होतं, तेच मी आता दुसऱ्यांदा लिहिलं होतं. स्वतःची इतकी किळस मला पूर्वी कधी आली नव्हती. गाडी मी कशी हाकली ते मला आठवत नाही, फक्त मनगटावरच्या घड्याळाकडे किती वेळा पाहिलं ते आठवतं.

लिफ्ट वर कुठेतरी अडकली होती. पाच मजले जिन्यानं चढलो. दार उघडंच होतं.

हॉलच्या मधोमध टेबलावर ते मशीन. मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान. झाकण काढलेलं, शेजारी छोटा पडदा, आणि भिंतीवर माझ्या पानाची छापील प्रत चिकटपट्टीनं लावलेली. तारांचा क्रम हिरव्या पेनानं अधोरेखित केलेला. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून अब्बा पडद्याच्या अगदी जवळ खुर्ची ओढून बसले होते, चांगला डोळा पुढे करून. चाराला चार मिनिटं होती आणि मुलगा स्विचबोर्डापाशी उभा होता.

"आले! म्हटलं ना, सर येणार," तो म्हणाला.

"थांबा," मी म्हणालो. धाप लागली होती. "तारा उलट्या आहेत."

तो भिंतीवरच्या कागदाकडे वळला, बोटानं एकेक रंग ताडून पाहिला. "नाही सर, बरोबर आहेत. हे बघा ना. पिवळी, काळी, काळी, लाल."

"कागदच उलटा आहे."

"पण हे तर मॅन्युअलमधलं आहे. पान चौदा."

टायपिंगची चूक, हे दोन शब्द अजूनही तोंडात तयार होते. सगळ्यांनी मान डोलावली असती, तारा बदलल्या असत्या, सरबत आलं असतं. अब्बांनी मान वळवून त्या एका डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना किती दिसतोय ते मला कळत नव्हतं.

"पान चौदा मी पाहिलेलंच नाही," मी म्हणालो. "माझ्याकडे आठच पानं आहेत. अनुक्रमणिकेत नंबर दिसला, तो टाकला. क्रम मी ऐकीव लिहिला होता, आणि ऐकलं तेही अर्धंच." मग तळवलीच्या ताईचं सगळं सांगितलं, पुसलेल्या दोन सूचनांसकट. वाशीच्या सिग्नलवर काय केलं तेही सांगितलं. ते सांगायला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

मुलानं स्विचबोर्डावरचा हात काढून घेतला.

अब्बाच बोलले. "म्हणजे धडा न वाचता उत्तर लिहिलंत."

"हो सर," माझ्या तोंडून निघून गेलं. सत्तरीला आलेला मी.

"आधी ते तिथे लिहा. मग बटण दाबू."

मी उभ्याउभ्याच फोनवर लिहिलं. अब्बांना वाचता येईना म्हणून मोठ्यानं वाचत लिहिलं: तारांचा पूर्वीचा क्रम चुकीचा होता, मॅन्युअलचं पान चौदा मी पाहिलेलं नाही, तो संदर्भ मी खोटा दिला होता. संदर्भाच्या चौकटीशी येऊन अडलो. अब्बांनी विचारलं, त्या बाईंनी तारा स्वतः लावल्या होत्या ना? मग त्यांचंच नाव लिहा. मी तसं लिहिलं, "बोर्ड पालथा धरून" हे शब्द दोनदा वाचून दाखवले, आणि पुसलेल्या दोन्ही सूचना परत जागेवर आणल्या.

मुलानं तोपर्यंत सोल्डरिंग आयर्न तापवलं होतं. तारा सोडवताना त्यानं माझी मदत घेतली नाही. मी विचारलंही नाही. सव्वाचारला त्यानं बटण दाबलं आणि आम्ही सगळे धूर निघतोय का ते बघत राहिलो. आधी नुसती गुणगुण ऐकू आली. मग पडदा हिरवट झाला आणि डाव्या कोपऱ्यात एक चौकोन लुकलुकायला लागला. अब्बा इतके पुढे वाकले की नाक काचेला टेकेल असं वाटलं. त्यांनी चाचपडत एक कळ दाबली, पडद्यावर अक्षर उमटलं, आणि ते खुदकन हसले. मग ते सावकाश आपलं गाव लिहायला लागले.

मी फार वेळ थांबलो नाही. सरबत घेववेना. मुलगा लिफ्टपर्यंत सोडायला आला. तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं, पण त्याचा चेहरा नुसता थकलेला होता.

"सर, एक सांगू? बुधवारी मी मीटर लावून बघितला होता. तुमच्या पानावर जिथे बारा लिहिलंय ते भोक सगळ्या मेमरीच्या चिपांना जात होतं, म्हणजे तिथे पाचच हवेत. मला वाटलं मीटर बिघडला. म्हणून वाशीला जाऊन नवा आणला. तोही तेच दाखवत होता."

"मग मला का नाही विचारलंत?"

"मेसेज टाइप केला होता, सर. मग पुसला. तुम्ही कागद मागितला असता. माझ्याकडे नुसते दोन मीटर होते."